बँक खात्यामुळे गरिबी कमी होते का? ग्रामीण बँकिंगच्या अनुभवातून एक उत्तर

प्रश्न असा आहे : जन-धन योजनेनंतर आमच्या तालुक्यात जवळजवळ प्रत्येक घरात बँक खाते आहे. तरीही ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कमी झालेली नाहीत आणि व्याजाने पैसे काढणारी माणसेही कमी झालेली नाहीत. मग बँकसेवा पोहोचल्याने गरिबी कमी होते, या म्हणण्यात तथ्य किती?

तथ्य आहे, आणि बरेच आहे. परंतु ते खात्यात नाही, खात्याच्या वापरात आहे. घरात चार पैसे असतात तेव्हा ते सुरक्षितपणे बाजूला ठेवता येणे आणि नड येईल त्या आठवड्यात तेच पैसे किंवा परवडणाऱ्या व्याजाचे कर्ज घराजवळ मिळणे, या दोन गोष्टी साधल्या तर गरीब कुटुंबाची स्थिती सुधारते. त्या साधल्या नाहीत तर पासबुक कपाटात राहते आणि माणूस जिथे जात होता तिथेच जातो. आपल्या तालुक्यात खाती उघडली गेली आहेत, पण अडीनडीचा पैसा अजून बँकेतून येत नाही. ग्रामीण शाखांमध्ये आणि नंतर बचत गटांच्या प्रशिक्षणात काम करताना मी जे पाहिले आणि या विषयावरच्या अभ्यासांतून जे समोर आले आहे, त्याच्या आधारे हे उत्तर जरा विस्ताराने देतो.

गरीब कुटुंबाचे उत्पन्न कमी असते हे सर्वांना दिसते. ते अनियमित असते हे सहसा लक्षात घेतले जात नाही. कोरडवाहू गावात कापूस, सोयाबीन किंवा तूर विकली की दोन-तीन महिने हातात पैसा असतो. नंतर उन्हाळ्यात मजुरी आटते आणि जून-जुलैत बियाणे, खत, शाळेची वह्या-पुस्तके, घरावरचे पत्रे असे सगळे खर्च एकदम येतात. नेमक्या त्याच काळात पावसाळी आजार सुरू होतात. वर्षाचा जमाखर्च मांडला तर हे कुटुंब कसेबसे तोंडमिळवणी करते; महिन्यांचा हिशेब मांडला तर त्यातले चार महिने तुटीचे निघतात. गरिबी खोल होते ती या चार महिन्यांत. गाभण शेळी पडत्या भावाने विकली जाते, बोरमाळ सोनाराकडे जाते, मुलीची शाळा सुटते आणि राहिलेली गरज सावकार भागवतो.

या व्याजाचा हिशेब मांडून पाहावा. गावात दर सांगितला जातो तो शेकडा पाच, म्हणजे शंभराला महिन्याकाठी पाच रुपये. वीस हजार रुपये वर्षभर वापरले तर व्याज होते बारा हजार. तेच वीस हजार वर्षाला बारा टक्क्यांनी मिळाले तर व्याज चोवीसशे. फरक नऊ हजार सहाशे रुपयांचा. रोजगार हमीची मजुरी दिवसाला तीनशे रुपयांच्या आसपास धरली तर एका माणसाचे बत्तीस दिवसांचे कष्ट केवळ दराच्या फरकात गेले. ज्या घरात वर्षाला जेमतेम दीड-दोनशे दिवस काम मिळते, त्या घराला बत्तीस दिवस म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. बँकसेवेचा गरिबीशी असलेला संबंध याहून थेट मला दाखवता येणार नाही.

हा संबंध आपल्या महाराष्ट्रात फार जुन्या काळापासून ओळखला गेला आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या जाळल्या आणि तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून संरक्षण देणारा कायदा झाला. मात्र कायद्याने सावकाराचे हात बांधले, तरी शेतकऱ्याला पैसे कोठून मिळणार, हा प्रश्न उरलाच. विल्यम वेडरबर्न या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने पुरंदर तालुक्यात शेती बँक काढण्याची योजना मांडली आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तिचा पाठपुरावा केला. लंडनमधून मंजुरी न मिळाल्याने ती कागदावरच राहिली. पुढे 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही रिझर्व्ह बँकेने 1951-52 साली केलेल्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, ग्रामीण कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के कर्ज सावकारांचे होते, सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता आणि व्यापारी बँकांचा एक टक्काही नव्हता. सावकारावर केवळ बंदी घालून भागत नाही, त्याची जागा घेणारी संस्था उभी करावी लागते, हा त्या पाऊणशे वर्षांचा निष्कर्ष आजही तसाच लागू आहे.

जुलै 1969 मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने जिल्हा हा घटक मानून बँकांचा विस्तार करावा अशी शिफारस केली आणि त्यातून अग्रणी बँक योजना, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेवर सोपवण्याची योजना, सुरू झाली. 1977 साली रिझर्व्ह बँकेने नियम केला की, जिथे आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा उघडायची असेल, तर जिथे बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडाव्या लागतील. हा नियम 1990 पर्यंत चालला. राष्ट्रीयीकरणापासून 1990 पर्यंत देशात पूर्वी व्यापारी बँक नव्हती अशा सुमारे तीस हजार ग्रामीण ठिकाणी शाखा निघाल्या. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी या काळातील राज्यवार आकडेवारीचा अभ्यास करून 2005 साली दाखवून दिले की, या शाखाविस्ताराने ग्रामीण गरिबी लक्षणीय प्रमाणात कमी झाली. गरीब राज्यांमध्ये शाखा अधिक निघाल्या म्हणून तिथे बदल दिसला, की शाखांमुळेच बदल झाला, हे वेगळे काढण्यासाठी त्यांनी चारास एक या नियमाच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा उपयोग केला. त्यांच्या पद्धतीवर पुढे अर्थशास्त्रज्ञांमध्ये वाद झाले आणि ते वाद गंभीर आहेत. तरीही मोठ्या प्रमाणावरचा इतका पुरावा दुसऱ्या फारशा देशांत मिळत नाही, आणि माझ्या मते त्याची दिशा बरोबर आहे.

त्या विस्ताराची किंमतही मोजावी लागली, आणि ती सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. उद्दिष्टे वरून येत, शाखाधिकारी मार्चअखेर ती गाठत, आणि म्हशीचे कर्ज घेणाऱ्याच्या दारात म्हैस आहे की नाही हे पाहायला कोणी जात नसे. वसुली खालावली. 1990 साली देशव्यापी कर्जमाफी झाली, त्यानंतर ती वेळोवेळी होत राहिली. संकटात सापडलेल्या शेतकऱ्याला माफी देण्याला माझा विरोध नाही. दुष्काळात दुसरा उपाय अनेकदा नसतो. परंतु माफीनंतरच्या वर्षी त्याच शेतकऱ्याला नवे पीककर्ज मिळाले नाही तर तो पुन्हा खासगी सावकाराच्या दारात उभा राहतो, हेही तितकेच खरे आहे. शिवाय पीककर्जाचे ‘नवे-जुने’ करण्यासाठी, म्हणजे जुने कर्ज भरून नवे उचलण्यासाठी, मधल्या आठ-दहा दिवसांपुरते पैसे पुष्कळ शेतकरी व्याजानेच काढतात. कागदावर ते बँकेचे नियमित खातेदार असतात आणि प्रत्यक्षात दरवर्षी काही दिवस सावकाराचे.

आता जन-धनकडे येतो. ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ऑगस्ट 2025 पर्यंत छप्पन्न कोटींहून अधिक खाती उघडली गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या नावावर आणि सुमारे दोनतृतीयांश ग्रामीण व निमशहरी भागातील आहेत. जागतिक बँकेच्या पाहणीनुसार भारतात खाते असलेल्या प्रौढांचे प्रमाण 2011 मध्ये 35 टक्के होते, ते 2017 मध्ये 80 टक्के झाले. जगात इतक्या थोड्या वर्षांत एवढे काम क्वचितच कोठे झाले असेल, आणि ते करणाऱ्या शाखांमधील कर्मचाऱ्यांचे श्रम मी जवळून पाहिले आहेत. पण त्याच पाहणीत 2021 साली असेही दिसले की, भारतातील सुमारे 35 टक्के खात्यांवर वर्षभरात एकही व्यवहार झालेला नव्हता. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका आकड्यात आहे.

खाती न वापरण्याचे कारण लोकांचे अज्ञान, असे बैठकांमध्ये नेहमी सांगितले जाते. मला ते मान्य नाही. अंतर, वेळ आणि वागणूक ही खरी कारणे आहेत. बँक बारा किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, रांगेत दोन तास, आणि काउंटरवर पोहोचल्यावर ‘लिंक नाही, उद्या या’ हे उत्तर. दोनशे रुपये जमा करायला किंवा पाचशे काढायला तीनशे रुपयांचा रोज बुडवायचा, हा व्यवहार कोणतीही शहाणी बाई करणार नाही. ती पैसे भिशीत टाकते किंवा डब्यात ठेवते. भिशी बुडते, डब्यातले पैसे नवरा किंवा दीर मागतो, तरीही ते रोज बुडवण्यापेक्षा परवडते. तिचा हिशेब पक्का असतो.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात म्हसवड येथे चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये स्त्रियांची सहकारी बँक सुरू केली, तिचे मूळ याच हिशेबात आहे. लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घेण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते, आणि रक्कम फार लहान म्हणून बँकेने तिचे खाते उघडले नाही. कर्ज तिने मागितलेच नव्हते. माणदेशी बँकेने पुढे दारात जाऊन रोजची बचत गोळा करण्याची पद्धत बसवली, कारण भाजी विकणाऱ्या किंवा मजुरी करणाऱ्या बाईजवळ शिल्लक असते ती संध्याकाळी आणि ती सकाळपर्यंत टिकत नाही. बँक तिच्याकडे जाते, म्हणून बचत होते.

हीच बाब परदेशातील काटेकोर प्रयोगांतूनही पुढे आली आहे. पश्चिम केनियातील एका बाजारगावात पास्कलिन द्यूपा आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी लहान विक्रेत्यांना मोफत खाती उघडून दिली. त्या खात्यांवर व्याज मिळत नव्हते, उलट पैसे काढायला शुल्क लागत होते. तरीही विक्रेत्या स्त्रियांनी ती वापरली आणि त्यांनी धंद्यात घातलेली रक्कम बरीच वाढली. सायकलवरून प्रवासी नेणाऱ्या पुरुषांमध्ये असा परिणाम दिसला नाही. नेपाळमध्ये पोखरा येथील वस्त्यांत सिल्व्हिया प्रीना यांनी केलेल्या प्रयोगात बँकेची खिडकी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी वस्तीतच उघडत होती, आणि खाती मिळालेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींनी ती नियमित वापरली. याच्या उलट युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत द्यूपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे असाच प्रयोग केला, तेव्हा खाती फारशी वापरली गेली नाहीत आणि कुटुंबांच्या स्थितीत मोजण्याजोगा फरक पडला नाही. हे निकाल परस्परविरोधी वाटतील, पण ज्याने ग्रामीण शाखेत काम केले आहे त्याला ते तसे वाटणार नाहीत. सेवा जिथे माणसाच्या रोजच्या वाटेवर आली तिथे ती वापरली गेली.

केनियाचेच आणखी एक उदाहरण महत्त्वाचे आहे. मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या एम-पेसा या सेवेचा ताव्हनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार या सेवेमुळे सुमारे 1,94,000 कुटुंबे, म्हणजे केनियातील दोन टक्के कुटुंबे, गरिबीतून वर आली. यात कर्जाचा भाग नव्हता. संकटात सापडलेल्या घराला शहरातील भावाने पाठवलेले पैसे त्याच दिवशी मिळू लागले, त्यामुळे शेळी-कोंबडी विकण्याची वेळ टळली, आणि अनेक स्त्रियांना शेतीसोबत लहान व्यापार करता आला. आपल्याकडे पुण्या-मुंबईत काम करणारा मुलगा आज मोबाइलवरून गावी पैसे पाठवतो, त्याचे मोल असेच आहे. मात्र ते पैसे गावात रोख हाती पडायला हवेत.

ते हाती पडतात बँक मित्राकडे, म्हणजे गावातच बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीकडे, आणि माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत दुर्लक्षित माणूस हाच आहे. रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमण्याची परवानगी दिली. गावात त्याला ग्राहक सेवा केंद्र किंवा सीएसपी म्हणतात; महाराष्ट्रात ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून अनेक ठिकाणी बचत गटातील स्त्रिया बँक सखी म्हणून हे काम करतात. अंगठा लावला की आधारच्या आधारे खात्यातून पैसे मिळतात. ही सोय मोठी आहे. परंतु बँक मित्राला मिळणारे कमिशन फार थोडे असते, यंत्र, वीज, इंटरनेट आणि रोकड आणण्याची जोखीम त्याची स्वतःची असते. मग तो दुपारनंतरच केंद्र उघडतो, रोकड संपली की परत पाठवतो, आणि काही ठिकाणी पाचशेमागे दहा-वीस रुपये कापून घेतो. बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. ज्यांना या सेवेची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके त्यांचेच अंगठे नाकारले जातात. पैसे काढल्यावर पावती दिली जात नाही, त्यामुळे वृद्ध माणसाला खात्यातून किती गेले हे कळत नाही. या माणसाला पुरेसे कमिशन देणे, त्याच्यावर शाखेने महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष देखरेख ठेवणे आणि पावती सक्तीची करणे, यावर जो खर्च होईल तो नवीन खाती उघडण्याच्या कोणत्याही मोहिमेपेक्षा अधिक उपयोगी पडेल, असे माझे ठाम मत आहे.

स्त्रियांच्या खात्यांबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. मध्य प्रदेशच्या उत्तरेकडील जिल्ह्यांत रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. रोजगार हमीची मजुरी घरातील पुरुषाच्या खात्यात जात असे. ती काही स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यात जमा करण्यात आली आणि खाते कसे वापरायचे याचे थोडे प्रशिक्षण त्यांना देण्यात आले. नुसते खाते मिळालेल्या स्त्रियांपेक्षा ज्यांना खाते, थेट मजुरी आणि प्रशिक्षण अशा तिन्ही गोष्टी मिळाल्या, त्या अधिक प्रमाणात कामाला जाऊ लागल्या. महाराष्ट्रात 2024 साली लाडकी बहीण योजनेचे दरमहा पंधराशे रुपये आधार जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांची एकाच वेळी परीक्षा झाली. आधार जोडण्यासाठी शाखांबाहेर लागलेल्या रांगा, वर्षानुवर्षे बंद पडलेली खाती, आणि जमा झालेल्या रकमेतून जुने शुल्क किंवा थकबाकी कापली गेल्याच्या तक्रारी, हे सर्व त्या ऑगस्ट महिन्यात दिसले. त्या योजनेच्या राजकीय बाजूत मला येथे शिरायचे नाही. पण अनेक स्त्रिया त्या निमित्ताने प्रथमच स्वतः बँकेत गेल्या, स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने पैसे काढले, आणि खात्यावर दरमहा ठरलेली रक्कम येत असल्यामुळे आता त्यांच्या बचतीची आणि लहान कर्जाची सोय करणे बँकेला सहज शक्य आहे. बहुतेक शाखा ते करत नाहीत, ही खेदाची बाब आहे.

कर्जाच्या बाबतीत मी अधिक सावध बोलेन. लहान कर्ज दिले की गरीब माणूस उद्योजक होतो, हा समज दोन-तीन दशके जगभर होता. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 104 वस्त्यांमध्ये केलेल्या अभ्यासात सूक्ष्म कर्जामुळे धंद्यातील गुंतवणूक काहीशी वाढली, परंतु कुटुंबाचा एकूण खर्च, मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा स्त्रियांचे घरातील स्थान यांत ठळक बदल आढळला नाही. 2010 मध्ये आंध्र प्रदेशात एकाच बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे झाली, वसुलीची दांडगाई वाढली, आणि शेवटी राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. आपल्याकडेही ‘ग्रुप लोन’चा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे ग्रुप लोन घेणाऱ्या बायका मी अनेक गावांत पाहिल्या आहेत. बहुतेक कंपन्यांचा दर वर्षाला वीस ते सव्वीस टक्क्यांच्या आसपास असतो. तो सावकारापेक्षा निश्चितच कमी आहे, परंतु हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला येतो आणि शेतीचे उत्पन्न हंगामाला. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. नियम चांगला आहे. उत्पन्न मात्र कर्ज देणारा प्रतिनिधीच लिहितो, आणि त्याचे स्वतःचे वेतन वाटपावर अवलंबून असते.

बचत गटांची पद्धत मला यापेक्षा भरवशाची वाटते. 1992 साली नाबार्डने, म्हणजे शेती व ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, पाचशे गटांपासून बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला. या पद्धतीचे बलस्थान क्रमात आहे : आधी महिन्याला पन्नास-शंभर रुपयांची बचत, मग त्याच पैशातून आपापसांत लहान कर्जे, आणि सहा महिने हिशेब नीट चालल्यावर बँकेचे कर्ज. महिन्याला शेकडा दोन व्याज गटातच राहते आणि वर्षाअखेर सभासदांना मिळते. जी बाई आजारपणासाठी गटातून तीन हजार उचलते आणि ते परत फेडते, तिच्या हाती पुढे तीस हजारांचे कर्ज दिले तर ती ते सांभाळते. याउलट पहिल्याच महिन्यात मोठी रक्कम वाटणारे, केवळ अनुदानासाठी स्थापन झालेले गट टिकत नाहीत, आणि असे गट पुष्कळ आहेत.

आता आपण विचारलेल्या ऊसतोडीकडे. मुकादमाकडून मिळणारी उचल हे खरे तर कर्जच आहे. जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, हंगामाआधी पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि कधी त्याहून अधिक रक्कम एकहाती मिळते. ती मिळते पावसाळ्यात, जेव्हा घरात काहीच नसते. तिला सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही, दहा फेऱ्या माराव्या लागत नाहीत. तिचे व्याज पैशात दिसत नाही, ते श्रमात वसूल होते, आणि हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षाची बांधिलकी होते. बँकेचे खाते या उचलीची जागा घेऊ शकलेले नाही, कारण बँक या कुटुंबाला त्या महिन्यात तेवढी रक्कम देतच नाही. जमीन नसलेल्याला किंवा बटईने करणाऱ्याला पीककर्ज मिळत नाही. जन-धन खात्यावर दहा हजारांपर्यंत उचल देण्याची तरतूद आहे, पण तीही खाते नीट चालल्यावर आणि शाखेने मनावर घेतले तर. म्हणून आपल्या तालुक्यात खाती वाढूनही स्थलांतर कमी झाले नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही. जिथे ते कमी झालेले मी पाहिले आहे तिथे बँकेच्या जोडीला पाणी, दूध संकलन किंवा गावातच मिळणारे काम होते. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी खात्यात येऊ लागले की बँक त्या कुटुंबाला कर्जही देते. रोजगाराच्या अभावी निर्माण झालेली गरिबी एकट्या बँकेने हटणार नाही, आणि बँकेकडून तशी अपेक्षा ठेवून नंतर तिला निरुपयोगी ठरवणेही न्याय्य नाही.

सरकारी आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात बारा निकष आहेत आणि कुटुंबात कोणाचे तरी बँक किंवा टपाल खाते असणे हा त्यांपैकीच एक निकष आहे. त्याचा भार लहान, एकविसांश इतकाच आहे. तरीही खाती उघडल्यावर निर्देशांक सुधारणे हे व्याख्येमुळेच घडते. त्यावरून खात्यांमुळे गरिबी हटली असे सिद्ध होत नाही.

आणखी एक बाब महाराष्ट्रात विशेष महत्त्वाची आहे : ठेवीची सुरक्षितता. 2012 साली रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँकांना नव्या ठेवी घेण्यास मनाई केली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला केवळ हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी 2020 पासून बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. मात्र हे संरक्षण बँकांपुरते आहे. गावोगावच्या पतसंस्थांना ते लागू नाही, आणि आपल्याकडे मजुरांची, भाजीवाल्यांची पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी गोळा होणारी बचत, मोठ्या प्रमाणावर पतसंस्थांतच जाते. पिग्मी एजंट रोज दारात येतो म्हणून लोक त्याला पैसे देतात, म्हणजे पुन्हा जवळीकच निर्णायक ठरते. चांगल्या चाललेल्या पतसंस्था अनेक आहेत, पण जादा व्याजाच्या आमिषाने संपूर्ण बचत एकाच पतसंस्थेत ठेवू नये, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे. गरीब घराची बुडालेली ठेव ही सावकाराच्या व्याजापेक्षाही जास्त खोल जखम करते, कारण त्यानंतर ते कुटुंब कित्येक वर्षे कोणावरही विश्वास ठेवत नाही.

आपण गावपातळीवर काही करू इच्छित असाल, तर खात्यांची संख्या मोजण्यात वेळ घालवू नका. वीस-पंचवीस घरांत बसून मागच्या जून-जुलैत कोणता मोठा खर्च आला आणि तो कसा भागवला, एवढेच विचारा. उत्तरांत बचत, गट आणि बँक किती वेळा येते आणि सावकार, उचल, दागिना व शेळी किती वेळा, त्यावरून आपल्या गावात बँकसेवा खरोखर पोहोचली आहे की नाही ते कळेल.

त्यानंतर बंद पडलेली खाती हाती घ्यावीत. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. ते केवायसी कागद देऊन पुन्हा सुरू करता येते, त्यासाठी शुल्क आकारता येत नाही आणि निष्क्रिय खात्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंडही लावता येत नाही. ज्यांच्या खात्यातून किमान शिलकीपोटी पैसे कापले जातात त्यांनी ते मूलभूत बचत खात्यात बदलून मागावे. त्यात शिलकीची अट नसते आणि महिन्यात निदान चार वेळा मोफत पैसे काढता येतात. ‘तुमचे गाव आमच्या शाखेला दत्तक नाही’ असे सांगून शेतकऱ्याला परत पाठवले जाते, तेव्हा नकार लेखी मागावा. गावाला नेमून दिलेल्या शाखेतूनच कर्ज घेण्याची ती अट रिझर्व्ह बँकेने बऱ्याच वर्षांपूर्वी शिथिल केली आहे. दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला 1 जानेवारी 2025 पासून तारण लागत नाही. शाखेने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. 14448 या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. आणि सावकाराने बेकायदा व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली मागील पंधरा वर्षांपर्यंतच्या अशा व्यवहारांबाबत सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. अर्जासोबत जुनी चिठ्ठी, इसारपावती, मुद्रांक, साक्षीदारांची नावे, जे हाती असेल ते जोडावे. पुष्कळ प्रकरणे केवळ कागद नाही म्हणून फेटाळली जातात.